संध्याकाळची धार

मैना गेली त्या दिवशी आमच्या ओट्यावर जो आला त्यानं आधी एकच विचारलं, "किती दुधाची होती?" शेजारच्या वस्तीवरचे विचारून गेले, पेंडेच्या दुकानातल्या पोरानं फोनवर विचारलं, माझ्या सख्ख्या भावानंही विचारलं. कुणाच्या मनात वावगं नव्हतं. जनावर गेल्यावर हेच विचारायची आमच्याकडे रीत आहे. मी प्रत्येकाला सांगत राहिले, "तिसऱ्या वेताची. 18 लिटरची होती." समोरचा चुकचुकायचा, डोळे बारीक करून हिशेब मांडायचा आणि "लाखाचं जनावर गेलं म्हणायचं" असं बोलून चहाचा कप खाली ठेवायचा. ह्यांना कुणी काही विचारलं नाही. हे गोठ्यामागं लिंबाखाली, ताडपत्री पांघरलेल्या मैनेजवळ उभे होते. पाच वाजत आले तशा बाकीच्या गाई हंबरायला लागल्या. धारेची वेळ झाली होती. ह्यांनी हौदावर हात धुतले, बादली घेतली आणि पहिल्या गाईखाली जाऊन बसले. जेसीबी अंधार पडल्यावर आला.

तो प्रश्न तेव्हापासून मला टोचतोय.

मैना आजारी पडली तेव्हा आम्हाला साधं अपचन वाटलं होतं. वैरण हुंगायची आणि तोंड फिरवायची. पाठ वर काढून, कोपरं बाहेर टाकून उभी राहायची. गोठ्याच्या उतारावरून खाली येताना कण्हायची. मग गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं, मानेची शीर तटतटून दिसायला लागली. डॉक्टरांनी डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपराशी नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. नळी कानातून काढून ते ह्यांच्याकडे नुसते बघत राहिले, तेव्हाच मला कळलं. "तार आहे," ते म्हणाले. गाय वैरण चावून खात नाही, जिभेनं गुंडाळून गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. वैरणीतून तार किंवा खिळा गेला की तो जाळीच्या पोटात जाऊन बसतो. त्या पोटाच्या पुढं पातळ पडदा आणि लगेच काळीज. पोट आकसतं तसतशी तार पुढं सरकत राहते. शवविच्छेदनात बोटाएवढी, गंजून काळी पडलेली, टोकाला वाकलेली तार निघाली. ती कडब्याच्या पेंढीतून आली, की मुरघासातून, की रस्त्याकडेला जी बांधकामं उठलीत तिथली बाइंडिंग तार गवताबरोबर कापली गेली, हे कळायला मार्ग नाही. कित्येक महिने पोटात असू शकते, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. ह्यांनी ते ऐकून घेतलं, पण पटवून घेतलं नाही. त्या दिवसानंतर गव्हाणीत टाकायच्या आधी प्रत्येक पेंढी सोडून, मूठमूठ पसरून, तिच्यातून बोटं फिरवायला लागले. आता आमच्या प्रत्येक कालवडीला पोटात राहणारं चुंबक पाजलेलं आहे. असं काही असतं हे आम्हाला मैना गेल्यावर समजलं.

विमा होता. विम्याला कानातला बिल्ला लागतो, बिल्ला नाही तर दावा नाही. तो काढायचं काम ह्यांनीच केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मैना आमच्याच गोठ्यात जन्मली होती. रात्रीची वेळ, थंडीचे दिवस, वासरू अडलेलं. पुढच्या पायांना दोर लावून ह्यांनी आणि माझ्या सासऱ्यांनी तिला बाहेर ओढलं होतं. नाकात वाळकी काडी फिरवली तेव्हा ती शिंकली आणि सासरे मोठ्यानं हसले होते. चिकाच्या भांड्यात बोट बुडवून ते तिच्या तोंडात देत तिला प्यायला शिकवलं ते ह्यांनीच. आणि आता ब्लेड घेऊन तिच्या कानाशी बसायचंही ह्यांच्याच वाट्याला आलं. मी घमेलं धरून उभी होते. ह्यांनी बिल्ला धुतला, पिवळ्या प्लॅस्टिकवरचे 12 आकडे डॉक्टरांना एकेक करून वाचून दाखवले आणि घरात येऊन देवघराखालच्या खणात ठेवला. आमच्या घरातले महत्त्वाचे कागद तिथंच असतात.

मी यवतच्या अलीकडच्या एका वस्तीवर नांदायला आले तेव्हा मला गोठ्याचं सगळ्यात जड काय वाटलं असेल तर ते शेण नव्हे. माझं माहेर भोरकडचं, भाताचं. भात काढला की माणसं मोकळी व्हायची, गावाला जायची, जत्रा करायची. इथं मोकळं होणं नव्हतंच. सुतक असो, ताप असो, दिवाळी असो, पहाटे साडेचार आणि संध्याकाळी पाच ठरलेले. माझ्या लग्नात पंगती बसलेल्या असताना सासरे मांडवातून उठून धारेला गेले होते, हे मला नंतर कळलं आणि रागच आला. त्या माणसाला पंढरपूर पायी करायचं होतं. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते. सगळं गाव पिठलं-भाकरी रांधतं, घराघरांतून भाकरीच्या चळती निघतात. सासरे त्या दिवशी किटली भरून दूध चहासाठी द्यायचे, पादुकांवर डोकं ठेवायचे आणि धारेच्या वेळेला माघारी यायचे. दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडकडं निघायची आणि सासरे गोठ्यात शेण भरत असायचे. "पुढच्या साली बघू," म्हणायचे. वारी तेवढी राहूनच गेली.

पण त्यांच्या आवाजात कधी तक्रार नव्हती, हेही खरं. त्यांच्या तरुणपणी दावणीला खिल्लारी बैलांची जोडी आणि घरच्या दुधापुरती एक गावरान गाय असायची. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ ही संस्था उभी केली आणि पुढं या पट्ट्यात संकरित वासरं दिसायला लागली. आमच्या गोठ्यात पहिली संकरित कालवड झाली तेव्हा लोक बघायला आले होते, असं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात. त्या दुधावर हे घर बांधलं गेलं आणि दोन नणंदांची लग्नं झाली. संकरित गाईचे लाडही तेवढेच करावे लागतात. उन्हाळ्यात ती धापा टाकते, गोचिडांच्या तापानं आठवड्यात खंगते, कास जरा दुर्लक्षिली की सुजून दगडी होते आणि औषध चालू असेपर्यंतचं दूध ओतून द्यावं लागतं. आत्या म्हणतात, गावरान गाय आपल्याला सांभाळायची, हिला आपण सांभाळायचं. त्या हे कौतुकानं म्हणतात.

ह्यांचं मन एका मैनेपायी खचलं असतं तर मला लवकर समजलं असतं. ते थराथरानं खचत गेलं. 2022 साली लम्पी हा गाईंचा त्वचारोग आला. चांगल्या चालत्याबोलत्या जनावराच्या अंगावर सकाळी गाठी उठलेल्या दिसायच्या, पाय सुजायचे, गाठी फुटून आतलं मांस दिसायचं. बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली, रोज संध्याकाळी गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर. भादव्यातल्या पोळ्याला बैल दावणीलाच ओवाळले. शासनाची मदत दुभत्या जनावराला 30,000 आणि वासराला 16,000 होती. आमची एक कालवड गेली, पहिल्या वेताला गाभण होती. त्यातून सावरतोय तोवर दुधाचा भाव. 2023 च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला लिटरमागं 37-38 रुपये बघितले होते. शासनानं जुलैत 34 ठरवून दिले आणि वर्ष संपता संपता हातात 26-27 पडायला लागले. जानेवारी 2024 पासून पाच रुपयांचं अनुदान आलं, ऑक्टोबरपासून सात झालं. त्यासाठी प्रत्येक गाईच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद, बँकेचं खातं, सगळं जुळावं लागायचं. एक आकडा चुकला की पैसे अडकायचे. पेंडेचं पोतं मात्र कधी खाली आलं नाही. संकलन केंद्रावर दूध ओतलं की चिठ्ठी निघते, फॅट इतकं, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, इतका. 3.5 आणि 8.5 च्या खाली पॉइंट गेला की दर कापला जातो. पूर्वी हे ती चिठ्ठी उजेडात धरून वाचायचे. फॅट का कमी लागलं यावर आमचं अर्धा तास बोलणं व्हायचं, कुणाला किती सरकी द्यायची, मका कोवळा कापला का, पाणी कमी पडलं का. मग चिठ्ठ्या शर्टाच्या खिशातच राहायला लागल्या. धुण्यात त्यांचा लगदा निघायचा.

मैना गेल्यावर तर हे गाईंना नावानं हाक मारेनासे झाले. "ती कडेची", "ती काळी", एवढंच. पारावर जाणं बंद. जेवायला बसले की ताटातला घास चिवडत राहायचे. दुधाचा दहा दिवसांचा पगार जमा झाल्याचा मेसेज आला तरी मोबाइल उघडायचे नाहीत. मी कुणाकडं विषय काढला की उत्तर ठरलेलं, "अगं, काम तर करतोय की. मनानं खचलेला माणूस पहाटे साडेचारला उठतो का?" या एका वाक्यानं मला कितीतरी दिवस गप्प बसवलं. कारण ते दिसायला खरं होतं. हे उठत होते, धार काढत होते, किटल्या गाडीला लावत होते. रान असतं तर तण माजलं असतं, चार लोकांना रस्त्यावरून दिसलं असतं. गोठ्यात तसं होत नाही, भुकेली गाय मालकाला बसूच देत नाही. लोकांना शेण काढलेला गोठा दिसायचा आणि त्यांना वाटायचं, सगळं ठीक आहे.

गाईंना मात्र कळलं होतं.

मैनेच्या शेजारी राधी बांधलेली असायची. मैना गेल्यापासून राधी पान्हा चोरायला लागली. कास भरलेली, सड तटतटलेले, आणि हात लावला की चार चिळकांड्या आणि बस. गाय घाबरली, बिथरली, दुखावली की असं होतं. पान्हा उतरवणारं ऑक्सिटोसिन भीतीनं अडतं, असं डॉक्टरांनी समजावलं. इंजेक्शन देऊन दूध उतरवतात लोक. ह्यांनी ते कधी केलं नाही. कोमट पाण्यानं कास धुवायचे, परत धुवायचे, मग तिच्या कुशीला कपाळ टेकवून बसून राहायचे. मी दारातून बघायचे. गोठ्यात ओल्या शेणाचा, मुरघासाचा आंबूस, गाईच्या श्वासाचा वास, पंख्याची घरघर, आणि बादलीत धारेचा आवाज नाही. कधी कधी पंधरा-वीस मिनिटांनी राधी सोडायची, कधी नाहीच. त्या दोघांत कोण कुणाची समजूत काढत होतं ते मला सांगता येणार नाही. मला त्या वेळी राधीचा हेवा वाटला. माझ्याशी हे एवढाही वेळ बसत नव्हते.

एका रात्री झोपताना ह्यांनी भिंतीकडं तोंड करून सांगितलं, "सकाळ झालीच नाही तर बरं होईल." आवाज शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. फवारणीच्या औषधांची पेटी मी दुसऱ्या दिवशी आत्यांच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आत्यांनी काही विचारलं नाही, त्यांना समजलं होतं. मग दुपारी बांधावर जाऊन 14416 ला फोन केला. मनाच्या दुखण्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मला तो हडपसरच्या मावसबहिणीनं दिला होता, ती नर्स आहे. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला झोप लागते का?" माझ्या तोंडून बराच वेळ शब्द फुटला नाही. त्यांनीच सांगितलं की डॉक्टरांना दाखवायला हवं आणि ते लांबवू नका.

दाखवायचं म्हटलं की आमच्याकडं एकच नाव पुढं येतं, येरवडा, तिथलं मनोरुग्णालय. पुण्याच्या आसपास कुणाला चिडवायचं असलं की "ह्याला येरवड्याला न्या" म्हणतात, लहानपणापासून ऐकलेलं. ह्यांच्या कानावर तो शब्द पडला असता तर हे घराबाहेर पडले नसते. बहिणीनं पुण्याच्या ससून या सरकारी दवाखान्याची ओपीडी सुचवली. ससूनला गाव येतं, कशासाठी आलात म्हणून कुणी बघत नाही. पण ओपीडी सकाळची, आम्ही पुण्यापासून चाळीसएक किलोमीटरवर, रांग किती असेल सांगता येत नाही, आणि परतताना हडपसरचा ट्रॅफिक. हे लगेच म्हणाले, "संध्याकाळच्या धारेचं काय?" तो बहाणा नव्हता. गाईचं दूध एक वेळ राहिलं तर कास दुखते, दगडीला आमंत्रण मिळतं. आणि राधीसारखी गाय परक्या हाताला पान्हा देणार नाही. आजारी माणसानं दवाखान्यात न जाण्याचं हे कारण शहरातल्या डॉक्टरांना खरं वाटणार नाही. आमच्या गावात निम्म्या माणसांची दुखणी याच कारणानं अंगावर निघतात.

भावकीतले एक दीर आहेत, त्यांच्या चार गाई आहेत. त्यांच्याशी आमचं बोलणं बांधावरून कमीच झालेलं होतं. मी आत्यांना पाठवलं नाही, स्वतः गेले आणि दारात उभं राहून सांगितलं, "भाऊजी, ह्यांना दवाखान्यात न्यायचंय. धार काढणारं कुणी नाही." ते पायरीवर बसले होते. कुठल्या दवाखान्यात, काय झालंय, काही विचारलं नाही. "आज संध्याकाळी येतो, गाईंना वास पडू दे माझा," एवढंच म्हणाले. आले. ह्यांच्या शेजारी उकिडवे बसले. दोघं एकमेकांशी शब्द बोलले नाहीत, प्रत्येक गाईला दोघांनी हात लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्यात असताना त्यांनी ह्यांचा धारेचा शर्ट अंगात घातला, डोक्याला ह्यांचीच टापशी बांधली आणि राधीखाली बसले. राधीनं नेहमीच्या निम्मंच दूध दिलं. तेही माझ्या दृष्टीनं पुष्कळ होतं.

ससूनच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या पुतणीएवढ्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, दोन-तीन आठवड्यांनी फरक जाणवेल, मधेच बंद करू नका, असं बजावलं. ह्यांनी त्यांना मैनेच्या तारेबद्दल सांगितलं. पूर्ण सांगितलं, कुठली पेंढी, कुठलं शेत. मी बाजूला बसून पहिल्यांदाच ते सगळं ऐकत होते. बाईंनी मधे तोडलं नाही.

लगेच काही सगळं सुधारलं नाही. गोळ्यांनी आधी नुसती झोप यायची, पहाटे हाक मारून उठवावं लागायचं, आणि आपण गाईंना उशीर करतो म्हणून हे अजून खंतावायचे. प्लॉटिंगवाल्यांचे फोन चालूच होते. "सोन्यासारखी जमीन आहे, कशाला शेणात हात घालता," असं पाहुण्यातले लोक तोंडावर बोलायचे. आम्ही खरंच दोन गाई विकल्या. चाकणला नेल्या. बाजारात अजून रुमालाखाली हात धरून बोटांवर भाव ठरतात. ह्यांनी हात रुमालाखाली दिला आणि पहिल्याच बोलीला सोडला. विकलेल्या गाईचं दावं आमच्याकडं देत नाहीत, घेणारा आपलं आणतो. ती मोकळी दावी घेऊन आम्ही टेम्पोत बसलो. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी दोन जनावरांचं काम कमी झालं म्हणून हायसंही वाटत होतं. हे दोन्ही एकाच वेळी वाटलं, आणि कुणी विचारलं तर मी दोन्ही सांगेन.

मग एकदा पावसाळ्यात ह्यांनी दुधाची चिठ्ठी माझ्यापुढं धरली. "राधीचं बघ, एसएनएफ 8.6." मी कणीक मळत होते. मी काही न बोलता वाचलं, कारण आवाज कापला असता.

आता भाऊजींच्या आणि आमच्या घरात धारेची देवाणघेवाण बसली आहे. शेजारच्या वस्तीवरचे आणखी एक जण त्यात आले. ज्याला दवाखाना, लग्न, माहेर, कोर्टाची तारीख असेल त्यानं आदल्या दिवशी सांगायचं, उरलेल्यांनी त्याच्या गाई वाटून घ्यायच्या. पैसे नाहीत, वही नाही. ह्यांनी मोकळेपणानं एकदा पारावर सांगितलं की मी ससूनला जातो, गोळ्या चालू आहेत. त्यानंतर दोघं जण रात्री गुपचूप नंबर विचारायला आले. गेल्या महिन्यात एका घरी म्हैस गेली, सर्पदंशानं. मी ओट्यावर बसले. जिभेवर तोच प्रश्न आला होता, किती दुधाची होती म्हणून. मी विचारलं, "आज धारेला कोण आहे?" घरातल्या बाईनं डोळ्याला पदर लावला आणि बादली माझ्या हातात दिली.

यंदा ह्यांना वारीला जायचं आहे, निदान वरवंडच्या पुढं. किती दिवस जमेल ते आम्ही बोललो नाही अजून, गोळ्या बरोबर न्याव्या लागतील. त्याआधी भाऊजींच्या लेकीचं लग्न आहे. तेव्हा त्यांच्या चारही गाई माझ्याकडं. त्यांच्या काळीला उजव्या बाजूनंच बसावं लागतं, धार चालू असताना पुढ्यात चाऱ्याची पाटी लागते आणि बांगड्या वाजल्या की ती पाय उचलते. कालपासून मी बांगड्या काढून तिच्याजवळ जाऊन उभी राहतेय.